एका नावाचे अठरा हजार

२०२० सालचा गणेशोत्सव पुणेकर विसरणार नाहीत. रस्त्यांवर मांडव नव्हते, विसर्जनाची मिरवणूक नव्हती. त्याच दिवसांत एका संध्याकाळी तोंडाला रुमाल बांधलेला एक माणूस आमच्या दारात येऊन उभा राहिला. "काका, ओळखलंत का? प्रेसशॉपमधला मी."

ओळखले. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात मी टाइमकीपर होतो, तेव्हा २००८ साली तो हेल्पर म्हणून लागला होता. मी निवृत्त झालो, तो तिथेच राहिला. पगार बारा हजारांवर गेला आणि मे महिन्यात काम सुटले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण होते. "यातलं आपल्याला काही मिळेल का, तेवढं बघा."

बातमी खरी होती. कर्मचारी राज्य विम्यात, म्हणजे आपल्या कामगारांच्या भाषेत 'ईएसआय'मध्ये, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली होती. नोकरी गेलेल्या कामगाराला सरासरी रोजच्या वेतनाच्या पंचवीस टक्के रक्कम जास्तीत जास्त नव्वद दिवस द्यायची, तीही आयुष्यात एकदाच. शिवाय नोकरी गेल्यावर नव्वद दिवस थांबायचे, मग अर्ज! २० ऑगस्ट २०२० रोजी महामंडळाने त्या वर्षाच्या २४ मार्चपासून बेकार झालेल्यांसाठी हे नियम सैल केले. पंचवीसचे पन्नास टक्के झाले, नव्वद दिवसांची वाट तीस दिवसांवर आली, आणि अर्ज मालकामार्फतच गेला पाहिजे ही अटही गेली. दावा पंधरा दिवसांत निकाली काढू, असेही तेव्हा सांगण्यात आले.

मी कागदावर हिशेब मांडला. बाराचे निम्मे सहा, तीन महिन्यांचे अठरा हजार. त्याने तो आकडा दोनदा वाचला. घरात दोन मुले, खोलीचे भाडे थकलेले, बायकोचे मंगळसूत्र सराफाकडे गहाण.

अर्ज संगणकावर भरायचा. तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या मुलाने भरून दिला. त्याची छापील प्रत काढायची, वीस रुपयांच्या स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचे, सोबत आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची नक्कल. वीस रुपयांच्या कागदापेक्षा नोटरीची फी जास्त! पण सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळे कागद पोचले आणि आम्ही पंधरा दिवस मोजू लागलो.

पंधराचे तीस झाले. मग कळले की नाव जुळत नाही. आधारवर आणि बँकेत पाळण्यातले नाव, विम्याच्या नोंदीत मात्र घरचे लाडके नाव. संगणकाच्या लेखी ती दोन वेगवेगळी माणसे होती.

ते ऐकले आणि माझ्या पोटात गोळा आला. ती नोंद माझ्या हातची होती. फाटकाशी उभ्या राहिलेल्या पोराला मी विचारले होते, "नाव काय रे?" त्याने घरी हाक मारतात ते सांगितले आणि मी ते फॉर्मवर उतरवले. दाखला मागायला हवा होता, पण त्या दिवशी पाच जण भरती व्हायचे होते आणि भोंगा झाला होता. एवढेच कारण!

चूक दुरुस्त करायला कारखान्याची सही हवी. कारखान्याला कुलूप, मालक गावाकडे. सही मिळायला दिवाळी उजाडली. दिवाळीनंतर प्रतिज्ञापत्राची अटच काढून टाकल्याचे जाहीर झाले, कारण कामगारांना त्याचा त्रास होतो हे लक्षात आले होते. चांगलेच झाले, पण आमची नोटरीची फी गेली ती गेलीच.

या काळात मला एक गोष्ट नीट उमगली. ही मदत म्हणजे दान नव्हे. कर्मचारी राज्य विम्याची आखणी प्रा. बी. पी. अडारकरांनी १९४४ च्या अहवालात केली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कायदा १९४८ चा. आजारपण, बाळंतपण, कामावरची इजा यांचा विचार त्यात झाला, बेकारीचा मात्र झाला नाही. ब्रिटनने आपल्या कामगारांसाठी तो १९११ सालीच केला होता. आपल्या विम्यात बेकारी भत्ता आला तो २००५ साली. कामगार दरमहा पगारातून आपला वाटा भरतो, जुलै २०१९ पासून तो पाऊण टक्का आहे. म्हणजे हे त्याचेच पैसे, फक्त अडल्या वेळी परत मिळायचे.

'अडल्या वेळी' हेच त्यातले महत्त्वाचे शब्द. महाराष्ट्राला हे नवे नाही. वि. स. पागे यांनी ज्या रोजगार हमीचा पाठपुरावा केला, तिच्या १९७७ च्या कायद्यातही पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असेच कलम होते. पंधरा दिवस का? कारण हातावर पोट असणाऱ्याच्या घरात त्यापलीकडे पीठ उरत नाही. पंधरा दिवसांत आलेले अठरा हजार आणि चार महिन्यांनी आलेले अठरा हजार यांची किंमत एक नसते.

आमचे पैसे संक्रांतीच्या आठवड्यात जमा झाले. तोवर नोव्हेंबरातच त्याला एका सोसायटीत रखवालदाराची नोकरी लागली होती, पगार नऊ हजार. भुकेच्या वेळची भाकरी भूक मारून झाल्यावर आली. तिच्यातून मंगळसूत्र सुटले, थकलेले थोडे भाडे गेले, आणि सराफाचे व्याज हे निव्वळ उशिराचे मोल ठरले.

तो तिळगूळ घेऊन आला तेव्हा मी चुकीची कबुली दिली. तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही विचारलंत, मीच तसं सांगितलं. तुमचा काय दोष?"

दोष होता. म्हणूनच आता ओळखीतल्या प्रत्येक कामगाराला मी सांगतो की, नोकरी आहे तोवरच विम्याच्या नोंदीतले नाव, आधार आणि बँकेचे खाते एकदा ताडून पाहा. पगाराच्या पावत्या जपून ठेवा. आणि कुठल्या टाइम ऑफिसात कुणी नवा मुलगा बसलेला दिसला, तर त्यालाही सांगतो, "नाव विचारू नकोस बाबा, दाखला बघून लिही. भोंगा झाला तरी चालेल."