ब्लाऊजवरचा डाग लपवू नका

बायांनो, ही गोष्ट आपण घरात कुणाला सांगत नाही. स्तनाच्या बोंडीतून पाणी आलं, ब्लाऊजवर डाग पडला, की धुऊन टाकतो आणि गप्प बसतो. आमच्याकडे आलेल्या एका ताईने आत रुमाल ठेवून तीन महिने काढले. डाग तांबूस, एकाच बाजूचा, न दाबता पडणारा.

सगळाच स्राव धोक्याचा नसतो. दोन्ही बाजूंनी दुधासारखा येत असेल, तर कारण बहुधा थायरॉईड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन किंवा उलटीची, मानसिक आजाराची एखादी गोळी असते. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. पण एकाच स्तनातून, एकाच छिद्रातून, आपोआप, रक्तासारखा किंवा स्वच्छ पाण्यासारखा स्राव आला, तर तपासणी टाळायची नाही. तेव्हाही बहुतेकींना दुधाच्या नळीतली पॅपिलोमा नावाची साधी गाठ किंवा रुंदावलेली नळी निघते. कॅन्सर थोड्याच जणींना. पण तो आहे की नाही, हे नुसतं चाचपून कळत नाही.

आधी मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी होते. ताईचे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले. "काही नाही, घरी जा," असं ऐकून ती परतली. डाग मात्र थांबेना. इथे आम्ही अडून बसलो. नळीतली बारीक गाठ या दोन्हींत निसटू शकते. म्हणून पुढची पायरी असते, शिरेतून औषध सोडून एमआरआय. गाठीकडे रक्त जास्त जातं, त्यासोबत औषधही जातं आणि ती जागा फोटोत उजळते. पालथं झोपून साधारण अर्धा तास हलायचं नाही. यंत्र धडधडतं, पण क्ष-किरण नसतात. काही ठिकाणी औषध देऊन मॅमोग्राफी करतात. ती लवकर उरकते, पण त्यात क्ष-किरण असतात आणि स्तन दाबला जातो.

किडनीचा त्रास, दमा, पूर्वी औषधाची आलेली रिअॅक्शन, दिवस गेलेले असणं, अंगात पेसमेकर किंवा धातू, हे सगळं आधीच सांगा. लाजू नका. पाळीची तारीखही सांगा.

ताईच्या एमआरआयमध्ये एक ठिपका उजळला. घरात रडारड झाली. उजळलं म्हणजे कॅन्सरच असं नाही. तुकडा काढून तपासल्यावरच खरं कळतं. तिचा पॅपिलोमा निघाला, तेवढी नळी काढली.

खर्चाची भीती असेल तर सरकारी रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा, रेशनकार्ड बरोबर ठेवा. आणि रोज दाबून बघू नका, दाबलं की स्राव वाढतो. डाग पडलेला कपडा न धुता पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा.