गारांचा बांध आणि घराचे छप्पर

थंड देशांत हिवाळ्यात घरांच्या वळचणीला बर्फाचा बांध धरतो. कॅनडा-अमेरिकेत गेलेली आपली मुले-मुली तेथील हिवाळ्याविषयी सांगताना हे संकट हमखास सांगतात. घरातील ऊब छपराला लागते, वरचे हिम वितळते आणि पाणी खाली ओघळते. वळचण भिंतीच्या बाहेर असल्यामुळे तिला ऊब मिळत नाही. तेथे पोहोचताच पाणी पुन्हा गोठते. थरावर थर चढून बांध तयार होतो, त्याच्यामागे पाणी तुंबते व छपराच्या सांध्यांतून घरात उतरते.

सिकंदराबादेच्या आसपास किंवा मराठवाड्यात हिम पडत नाही, पण गारा पडतात. हिमाचा बांध धरायला दिवस लागतात. गारांचा बांध अर्ध्या तासात धरतो. म्हणून या वेळी गारा, छप्पर आणि पन्हळ यांविषयी चार गोष्टी आम्ही सांगत आहोत.

गारा केव्हा पडतात?

फेब्रुवारी ते मे हा आपल्याकडे गारांचा काळ. दुपारपर्यंत जमीन तापते. बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा वर चढते, वरच्या कोरड्या व थंड हवेला भिडते आणि उंचच उंच ढग तयार होतात. त्यामुळे गारा बहुधा दुपारनंतर किंवा संध्याकाळी पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट शेतकरी अजून विसरलेले नाहीत. हरभरा, गहू, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे, सर्वांचीच तेव्हा नासाडी झाली. मार्च २०२३ मध्ये विकाराबाद जिल्ह्यातील मर्पल्ली भागात रस्ते व अंगणे पांढरीशुभ्र झाली होती.

शेताचे नुकसान सर्वांना दिसते. घराचे नुकसान मात्र रात्री, पाणी गळू लागल्यावर कळते. आणि याच दिवसांत तूर, हरभरा व ज्वारीची पोती घरात थप्पी लावून ठेवलेली असतात.

पाणी आत कसे येते?

मंगलोरी कौल असो की पत्रा, त्याची रचना एकाच हिशेबाने केलेली असते. वरचे कौल खालच्यावर दोन-तीन इंच चढलेले असते. आढ्याकडून येणारे पाणी त्यावरून वळचणीकडे जाते. वरून खाली येणारे पाणी कौल बाहेर टाकते; खालून वर चढणारे पाणी अडवण्याची शक्ती त्याच्यात नाही.

आता गारा पडल्या की त्या पाख्यावरून घसरत पन्हळीत येऊन साठतात. कडुनिंबाची पानगळ नेमकी फेब्रुवारी-मार्चमधली. म्हणजे पन्हळ आधीच पानांनी भरलेली असते. पाने व गारा मिळून नळाच्या तोंडाला घट्ट बूच बसते. मागून येणारा पाऊस तुंबतो, पाण्याची पातळी कौलाच्या जोडापर्यंत चढते आणि पाणी उलटे आत शिरते. रिपा व वासे भिजतात, भिंतीवर ओघळ येतात.

सर्वांत धोक्याची जागा म्हणजे घर व गोठा यांची दोन छपरे जिथे मिळतात ती मधली पन्हळ. बाहेरची पन्हळ भरली तर पाणी निदान अंगणात सांडते. मधल्या पन्हळीला दोन्हीकडे घरच आहे.

वजनाचाही विचार करावा. गारांचा १० सेंटिमीटरचा थर एका चौरस मीटरवर सुमारे ५० किलो भरतो. सपाट गच्चीवर तितकेच पाणी तुंबले तर भार १०० किलो होतो. १०० चौरस मीटरची गच्ची असेल तर हे १० टन ओझे झाले. जुन्या धाब्याने किंवा किडलेल्या वाशांनी ते पेलावे अशी अपेक्षा ठेवू नये.

आधी काय करावे?

१. पन्हळी, नळ व गच्चीच्या मोऱ्या मृग नक्षत्रापूर्वी साफ करण्याची आपली रीत आहे. ती चांगली आहे, पण गारांसाठी तिला उशीर होतो. आमची सूचना अशी की राखेच्या बुधवारच्या आठवड्यात पहिली सफाई करावी. हा दिवस ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान येतो, म्हणजे गारांच्या तोंडावर. निंबाची पाने पडतच राहतात, म्हणून ईस्टरनंतर दुसरी सफाई करावी व मृगापूर्वी तिसरी.

२. नळाच्या तोंडावर सपाट जाळी बसवू नये. एकच थर पाने बसली की ती बंद होते. टोपलीसारखी उंच जाळी बसवावी. तळ बुजला तरी बाजूंनी पाणी जाते.

३. नळ पुरेसा मोठा असावा. तासाला १०० मिलिमीटर अशा जोराच्या पावसाला सुमारे ४० चौरस मीटर छपरामागे एक चार इंची नळ लागतो. २४ ऑगस्ट २००० रोजी आपल्या शेजारच्या बेगमपेटला एका दिवसात सुमारे २४ सेंटिमीटर पाऊस झाला. १०० चौरस मीटरच्या छपरावर हे २४,००० लिटर पाणी होते. दोन इंची नळाने त्याचा निचरा होत नाही.

४. गच्चीच्या कठड्याला, नेहमीच्या मोरीपेक्षा दोन इंच उंचावर, एक जादा भोक ठेवावे. खालची मोरी बुजली तर पाणी तेथून बाहेर पडेल. ते पडताना दिसले की मोरी तुंबल्याची सूचनाही मिळेल. गच्चीला एका मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा. कठडा व गच्ची यांच्या सांध्यात सिमेंटची गोल वाट भरून घ्यावी.

५. फुटकी व सरकलेली कौले बदलावीत. छपरावर वाकलेल्या फांद्या छाटाव्यात. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर रचावीत.

बांध धरलाच तर

वीज चमकत असताना कोणीही वर चढू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. तोवर पोती हलवावीत, गळतीखाली घमेली ठेवावीत. पाणी दिव्याच्या तारांजवळ आले असेल तर मेन स्विच बंद करावा. मात्र हात ओले असतील किंवा पायाखाली पाणी असेल तर त्याला स्पर्श करू नये.

नंतर जमिनीवरूनच काम करावे. लांब बांबूला आडवी फळी बांधून गारा वरून खाली, आपल्याकडे ओढाव्यात. खालून वर ढोसू नये, कौले सरकतात. ओढणाऱ्याने बाजूला उभे राहावे, वळचणीखाली नव्हे. विजेची तार जवळ असेल तर बांबूही वापरू नये. आधी नळाचे तोंड मोकळे करावे. रबरी नळीने तेथे बोअरचे किंवा विहिरीचे पाणी सोडल्यास गारा लवकर विरघळतात व वाट होते. मात्र पाणी बाहेर पडू लागले की नाही ते पाहत राहावे. वाट न होता पाणी सोडत राहिलो तर भारच वाढेल.

पहार, कुदळ किंवा हातोडा वापरू नये. गारांआधी कौले फुटतील. मीठही टाकू नये. त्याने पत्रे व खिळे गंजतात व खालची झाडे जळतात. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देणे तर जिवावरचे आहे. तो न वाकता एकदम फुटतो आणि माणूस थेट खाली पडतो. चढणे अटळच असेल तर वाशांवर आधार घेणारी जाड फळी टाकून तिच्यावरून जावे, कमरेला दोर बांधावा व खाली दुसरा माणूस उभा करावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. फुटलेले तुकडे ओले करून उचलावेत. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आरोग्याची काळजी

भिजलेले धान्य त्याच दिवशी वेगळे काढून पातळ पसरावे व कडक उन्हात वाळवावे. बुरशी आलेले धान्य खाऊ नये. त्यातील अफ्लाटॉक्सिन नावाचे विष शिजवल्यानेही जात नाही व यकृताला इजा करते. तसे धान्य गाई-म्हशींनाही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते. ओल्या भिंतींवरील बुरशीने दम्याच्या रुग्णांना त्रास होतो, म्हणून दारे-खिडक्या उघडून भिंती वाळवाव्यात. पन्हळीत पाणी आठवडाभर साचू दिले तर डेंग्यू पसरवणारे डास तेथेच वाढतात.

निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशातील गारपिटीची हकिगत आहे. आधी सूचना मिळाली होती. ज्यांनी ती मानली त्यांनी आपली माणसे व गुरे घरात आणली आणि ती वाचली. आपल्यालाही बेगमपेटच्या हवामान केंद्राची सूचना रेडिओवर व मोबाईलवर मिळते. ती मिळाल्यावर गुरे गोठ्यात आणता येतील, पोती हलवता येतील. पण पन्हळ साफ करायला तेव्हा वेळ उरत नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जिथे एकटी विधवा किंवा म्हातारे नवरा-बायको राहतात. शिडी धरायलाही तेथे दुसरे कोणी नाही. उपवासकाळातील एक शनिवार तरुणांनी अशा घरांच्या पन्हळींसाठी राखून ठेवावा. दोन माणसे, एक शिडी आणि एक घमेले एवढेच त्याला लागते.