टाटांचं धरण आणि टाटांचा ट्रस्ट : ज्ञानकोशात संस्थेबद्दल कसं लिहावं?



मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यावर मुलांकडून एखादा लेख लिहून घेणं हा भाषेचा उत्तम सराव आहे. विषय निवडायला सांगितलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पटकन एखादी सेवाभावी संस्था येते. चांगलं काम करणारी संस्था म्हणजे लिहायला सोपी, असं आपल्यालाही वाटतं. खरं तर हाच प्रकार अवघड. कारण सहज हाती लागतं ते सगळं संस्थेनंच लिहिलेलं असतं : वार्षिक अहवाल, स्मरणिका, संकेतस्थळ. त्यातली वाक्यं तशीच उचलली की ज्ञानकोशातला लेख राहत नाही, मानपत्र होतं.

आपण मुळशीकरांना या बाबतीत एक उदाहरण अगदी घरचं आहे. आपल्या तालुक्यात ‘टाटा’ हा शब्द दोन सुरांत ऐकू येतो. एक धरणाचा. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथे सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचं नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेले. दुसरा सूर टाटा हॉस्पिटलचा. घरात कुणाला कॅन्सर निघाला की पहिलं नाव तेच येतं. आता समजा, ज्याच्या पणजोबांची भातखाचरं पाण्याखाली गेली अशा घरातला मुलगा ‘सर दोराबजी टाटा ट्रस्ट’ या विषयावर लिहायला बसला, तर काय लिहील?

तो लिहील, ‘टाटा ट्रस्टने आमच्या जमिनी घेतल्या.’ राग समजण्यासारखा आहे, पण वाक्य चुकीचं आहे. जमिनी सरकारनं भूसंपादन कायद्याखाली टाटांच्या वीज कंपनीसाठी घेतल्या. हा ट्रस्ट स्थापन झाला १९३२ मध्ये, म्हणजे सत्याग्रह सुरू झाल्यानंतर अकरा वर्षांनी. कंपनी वेगळी, ट्रस्ट वेगळा. शेजारच्या बाकावरची मुलगी लिहील, ‘टाटा ट्रस्ट गोरगरिबांसाठी कॅन्सरचं हॉस्पिटल चालवतो.’ वाक्य गोड आहे, पण तेही चुकीचंच. ट्रस्टच्या पुढाकारानं मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ मध्ये सुरू झालं हे खरं. पण १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेलं आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. ‘सुरू केलं’ आणि ‘चालवतो’ या दोन क्रियापदांत वीसेक वर्षांचा इतिहास दडलेला आहे. मुलांना क्रियापदं तपासायला शिकवा, विशेषणं आपोआप गळून पडतात.

तटस्थ म्हणजे अर्धी स्तुती नि अर्धी निंदा, असं नव्हे. तसा तराजू धरला की लेख आणखी बिघडतो. तटस्थ म्हणजे प्रत्येक विधानाला त्याचा धनी असणं. बुडालेल्या गावांचंच बघा. कुठे ५२ वाचायला मिळतं, कुठे ५४. मुलं विचारतात, ‘सर, मग खरं कोणतं लिहू?’ दोन्ही लिहायचे, कोण किती म्हणतं ते सांगून. मुळशी सत्याग्रहाचा इतिहास विनायकराव भुस्कुटे यांनी लिहिला, ते स्वतः त्या लढ्यातले. पुढे राजेंद्र व्होरा यांनी अभ्यासकाच्या नजरेनं त्यावर ग्रंथ लिहिला. दोघांचंही वजन आहे, पण एकाच जातीचं नाही. सत्याग्रहींना काय वाटत होतं याला भुस्कुटे घ्या. आकडे आणि कारणमीमांसा यांना व्होरा बरे. कंपनी स्वतःबद्दल जे सांगते तेही घ्या, पण ‘कंपनीच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द जोडून.

हाच न्याय संस्थेच्या अहवालाला. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे. त्याखाली संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायची असते आणि हिशेब तपासून सादर करायचे असतात. स्थापनेचं वर्ष, नोंदणी, विश्वस्त यांसाठी हे कागद चालतात. पण ‘संस्थेमुळे तालुक्याचा कायापालट झाला’ यासाठी मुळीच नाही. ते दुसऱ्या कुणीतरी, संस्थेशी देणंघेणं नसलेल्या माणसानं, सविस्तर लिहिलेलं असायला हवं. असं कुणीच लिहिलं नसेल तर लेखच होत नाही. आपल्या शाळेला दरवर्षी वह्या देणाऱ्या मंडळाचं पान ज्ञानकोशात बहुधा टिकणार नाही. मुलं हिरमुसतात. त्यांना शाळेच्या हस्तलिखितात ते जरूर लिहू द्या. तिथे कृतज्ञतेला जागा आहे.

एक प्रश्न मात्र खरंच अवघड आहे. ट्रस्टच्या लेखात मुळशीचं नाव यावं का? दोराबजी १९०४ पासून १९३२ पर्यंत टाटा उद्योगसमूहाचे प्रमुख होते, म्हणजे धरण झालं ते त्यांच्याच काळात. शिवाय टाटा सन्सचे सुमारे दोन-तृतीयांश समभाग आज टाटांच्या विश्वस्त संस्थांकडे आहेत. म्हणजे पैशाचा झरा उद्योगातूनच येतो. तेव्हा संबंध नाहीच, असं म्हणता येत नाही. माझं मत असं : दोराबजींच्या लेखात मुळशी यायलाच हवी, धरणाच्या लेखात तर ती हवीच. ट्रस्टच्या लेखात मात्र एखाद्या अभ्यासकानं हा धागा स्वतः जोडून दाखवला असेल तरच. आपण दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवून तिसरा निष्कर्ष सुचवायचा नाही. तो संदर्भ सापडला, तर मात्र ट्रस्टच्या चाहत्याला आवडणार नाही म्हणून गाळायचाही नाही.

पालकांना एक विनंती. संस्थेकडून मदत मिळालेल्या मुलांची नावं नि फोटो लेखात नकोत. स्मरणिकेत छापले असले तरी नकोत.

आणि तुमच्या शाळेला एखाद्या ट्रस्टनं संगणक दिले असतील, तर त्या ट्रस्टचं पान तुम्ही किंवा तुमच्या वर्गानं थेट बदलू नका. लेखाला जोडलेलं चर्चापान असतं. तिथे ‘आमच्या शाळेला या संस्थेची मदत मिळाली आहे’ असं आधी लिहा, मग हवी असलेली दुरुस्ती संदर्भासह मांडा. बदल दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.