लडाखी हिवाळा आणि जमिनीखालची भाजी

लेहच्या आसपास, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर, भाजी पिकवायला मे ते सप्टेंबर एवढेच महिने मिळतात. पुढे माती गोठते आणि जानेवारीत रात्रीचा पारा उणे 20 अंशांपर्यंतही उतरतो. बर्फाने रस्ते अडले की उरते ती विमानाने आलेली महागडी भाजी. म्हणून घरच्या वाफ्यातलं जास्तीचं गाजर, मुळा, सलगम आणि बटाटा तिथले लोक जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवतात. ही पद्धत अतिशय विचारपूर्वक घडलेली आहे.

खड्डाच का?

जमिनीत जसजसं खाली जावं, तसतसा ऋतूंचा परिणाम ओसरत जातो. पुरेशा खोलीवर मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिरावतं. लेहची सरासरी पाच-सहा अंशांच्या आसपास. त्यामुळे वर सगळं गोठलेलं असताना खड्ड्यात भाजी गोठत नाही आणि सडण्याइतकी ऊबही तिला मिळत नाही. कंदमुळांना 0 ते 4 अंश तापमान आणि 90 टक्क्यांच्या वर आर्द्रता मानवते. याच्या जवळपासचं वातावरण माती फुकट पुरवते.

काढणी आणि निवड

साठा टिकतो की सडतो, ते बहुतेक वेळा इथेच ठरतं. काढलेलं गाजर मेलेलं नसतं, त्याचा श्वास चालूच असतो. पाला तसाच ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो आणि गाजर आठवडाभरात लुळं पडतं. म्हणून पाला लगेच कापायचा, पण गाजराच्या डोक्याला सुरी लागू द्यायची नाही. बिटाचा मात्र बोटभर देठ राखावा आणि शेपटीही तोडू नये, नाहीतर शिजवताना सगळा रंग पाण्यात उतरतो.

धुवायचं अजिबात नाही. माती हाताने झटकली की पुरे. कुदळीचा घाव लागलेले, किडलेले, चिरलेले कंद बाजूला काढून आधी खाऊन टाकावेत. एक सडका कंद शेजारच्यांनाही सडवतो. कापलेला पालाही वाया जात नाही. सलगमचा पाला वाळवून ठेवला की हिवाळ्यात रस्सेदार पदार्थांत कामी येतो.

थर लावताना

तळाशी वाळू किंवा भुसभुशीत माती, तिच्यावर एकमेकांना न चिकटलेले कंद, पुन्हा वाळू. वाळूची ओल मुठीत दाबून पाहावी: गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये. तोंड झाकताना हवेला थोडी वाट ठेवावी.

बटाटा वेगळा ठेवा

बटाटा आधी दहा-पंधरा दिवस अंधाऱ्या, हवेशीर जागी पसरावा. साल घट्ट होते, ओरखडे भरून येतात. उजेड लागला तर तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं. फार गारठ्यात स्टार्चची साखर होऊन तो गोडसर लागतो, म्हणून गाजरापेक्षा त्याला थोडी उबदार जागा द्यावी.

लडाखात सफरचंदंही होतात, पण ती या खड्ड्यात नकोत. पिकताना त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होतं.

महाराष्ट्रात हे जमेल का?

नाही. पुण्याची वार्षिक सरासरी 25 अंशांच्या जवळपास, म्हणजे खोल खणलं तरी माती कोमटच लागणार. आंबेगाव-खेड भागात बटाटा साठवायला ज्या अरणी (झाकलेले ढीग) करतात, त्याही पावसाळ्यापूर्वीच्या थोड्या काळापुरत्याच असतात. अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात परसबाग करणाऱ्या मराठी घरांना मात्र लडाखी रीत उपयोगी पडेल. तिथे गार तळघरातली वाळूची पेटीही चालते.

हिवाळाभर

अधूनमधून साठा चाळून नरम पडलेले कंद काढावेत. मुळा आधी संपवावा, गाजर आणि बीट मागे ठेवावं. सगळ्यात सुडौल, निरोगी कंद मात्र खायचे नाहीत. वसंतात ते पुन्हा जमिनीत लावले की फुलावर येतात आणि त्यांच्यापासून पुढच्या हंगामाचं बी मिळतं.