काम सारखेच, मग महिला स्वतःला कमी गुण का देतात?

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये स्वतःच्या कामाला स्वतःच गुण द्यायचे असतात. अनेक ठिकाणी पगारवाढ ठरवताना हे गुणही पाहिले जातात. नेमके इथेच महिला हात आखडता घेतात, असे अमेरिकेतील एका अभ्यासातून दिसते.

अभ्यासात काय आढळले?
क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या अर्थतज्ज्ञांनी महिला व पुरुषांना गणित-विज्ञानाचे २० प्रश्न सोडवायला दिले. दोघांची कामगिरी जवळपास सारखीच होती. मात्र 'मी चाचणीत चांगली कामगिरी केली' याच्याशी किती सहमत आहात, असे ० ते १०० या मापात विचारल्यावर पुरुषांची सरासरी ६१ आली, महिलांची ४६. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आत्मविश्वास कमी पडतो का?
कारण तेवढेच नाही. खरे गुण सांगितल्यावरही ही तफावत कायम राहिली.

ठामपणे सांगितले तर?
मानसशास्त्रज्ञ लॉरी रुडमन यांच्या १९९८ मधील अभ्यासात, स्वतःचे यश ठामपणे सांगणाऱ्या महिला सक्षम वाटल्या, पण लोकांना कमी आवडल्या. म्हणजे गप्प राहिले तर नुकसान आणि बोलले तर 'फार मिरवते' हा शेरा.

मग काय करावे?
* केलेल्या कामाची दर आठवड्याला नोंद ठेवा.
* फॉर्ममध्ये विशेषणांऐवजी आकडे लिहा: किती काम, किती दिवसांत, काय फरक पडला.
* वरिष्ठांनी पगारवाढ ठरवताना स्वतः दिलेल्या गुणांपेक्षा कामाची नोंद पाहावी. फॉर्मवर ४६ लिहिणारीचे काम ६१ लिहिणाऱ्याइतकेच असू शकते.