काच फुटली तरी तुळई उभी राहते!

बंगळुरूच्या महादेवपुरा भागात सुट्टीच्या दिवशी फेरफटका मारला, की जिकडेतिकडे काचच काच दिसते. कार्यालये काचेची, मॉलचे दर्शनी भाग काचेचे, जिन्यांचे कठडेही काचेचेच. नोकरीनिमित्त इथे स्थायिक झालेल्या मुलाकडे सांगली-कोल्हापूरहून आलेली आई मात्र अशा कठड्याला टेकायला धजत नाही. ‘काचच ती, फुटली तर?’ असे तिला वाटते.

तिची शंका अगदी रास्त आहे. काच फुटू शकते, हे गृहीत धरूनच अभियंते आज काचेच्या तुळयासुद्धा बनवतात. इंग्लंडमध्ये किंग्जविनफर्ड येथील ब्रॉडफील्ड हाउस या संग्रहालयाला १९९४ साली जोडलेल्या दालनाचे खांब आणि तुळया लॅमिनेटेड काचेच्याच होत्या.

काच कुठे कमी पडते?

तुळईवर वजन आले की ती किंचित वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. काच दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसवत नाही. कापताना तिच्या कडेवर डोळ्यांना न दिसणारे चरे पडतात. तडा तिथूनच सुरू होतो आणि क्षणात आरपार जातो. लोखंड मोडण्यापूर्वी वाकते, लाकूड करकरते. काच मात्र आधी काहीच सूचना देत नाही.

काच तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केली की ती ‘टफन्ड’ होते आणि तिची ताकद कित्येक पटींनी वाढते. पण ही काच फुटली, तर सगळीच्या सगळी बारीक तुकडे होऊन खाली येते.

थरांची करामत

१९०३ साली फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तस यांच्या हातून एक काचपात्र पडले. ते तडकले, पण विखुरले नाही, कारण आत वाळलेल्या रसायनाचा पापुद्रा होता. यातूनच लॅमिनेटेड काचेची कल्पना पुढे आली. आता दोन काचांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर घालून उष्णता व दाबाने त्या एकजीव करतात. मोटारीची पुढची काच अशीच असते.

तुळईसाठी असे तीन किंवा अधिक थर जोडून काच उभ्या कडेवर बसवतात. एक थर फुटला तरी त्याचे तुकडे चिकटून राहतात आणि भार उरलेले थर पेलतात. गंमत म्हणजे, सगळेच टफन्ड थर फुटले तर तुळई ओल्या गोधडीसारखी लोंबते. त्यापेक्षा कमी कडक केलेल्या काचेचे मोठे तुकडे होतात, ते एकमेकांना अडून काही भार धरून ठेवतात. म्हणजे कमी ताकदीची काच कधीकधी अधिक भरवशाची ठरते!

प्लास्टिकचीही एक मर्यादा आहे. उन्हाने आणि दीर्घकाळच्या भाराने ते मऊ पडते आणि थरांची एकमेकांवरची पकड सैल होते. उभी धरलेली फूटपट्टी वरून दाबली की कडेला वळते, तशी तुळईही वळू शकते. म्हणून उन्हातल्या बांधकामासाठी जास्त ताठ प्लास्टिक वापरतात.

प्रत्येक काचेच्या पुलाला मात्र काचेची तुळई नसते. कन्याकुमारीला ३० डिसेंबर २०२४ रोजी खुल्या झालेल्या ७७ मीटर लांबीच्या पुलावर आपण चालतो काचेवर, पण पुलाचा भार पेलते पोलादी कमान.

घरासाठी एवढे पाहा

• बाल्कनीचा कठडा, जिना किंवा डोक्यावरचे छप्पर काचेचे करायचे असेल, तर नुसती टफन्ड नव्हे, लॅमिनेटेड काच मागा.
• काच सुरक्षा काचेसाठीच्या आयएस २५५३ या भारतीय मानकानुसार आहे का, ते विचारा.
• कडा घासून गुळगुळीत केलेल्या हव्यात. कपचा उडालेली काच परत करा.
• काच आणि धातू यांच्यामध्ये रबर किंवा नायलॉनची पट्टी हवीच.
• तडा गेलेली काच जागेवर उभी दिसली, तरी ती ताबडतोब बदलून घ्या.

दुकानदाराला ‘ही काच फुटणार नाही ना?’ असे विचारू नका. ‘फुटली तर काय होईल?’ असे विचारा. त्या आईच्या मनातला प्रश्नही हाच तर होता.