शिशाची झळाळी

ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरत असे. डब्यांत कट ग्लासच्या मद्याच्या सुरया; पाहुण्याने सुरई उचलली की गाडी आपोआप थांबायची. थाट मूळच्या साताऱ्याकडच्या घराण्याचा, पण काचेमागची युक्ती लंडनची. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं आणि लवकरच तिच्यात शिशाचं ऑक्साइड मिसळलं. आज लेड क्रिस्टलमध्ये ते साधारण 24 टक्के किंवा जास्त असतं. शिशामुळे काच जड होते, प्रकाश अधिक वाकवते आणि मऊही राहते. म्हणून फिरत्या चाकावर पैलू नीट पडतात आणि त्यांतून रंग सुटे होतात.

गंमत अशी, की साखरेच्या दाण्यात रेणू शिस्तीत रांगेनं बसलेले असतात, आणि ‘क्रिस्टल’ म्हणवणाऱ्या या महागड्या पेल्यात अणूंचा नुसता गोंधळ! खरा स्फटिक स्वयंपाकघरातच.

जुना पेला मिळाला तर हलकी टिचकी मारून पाहा, नाद लांबतो. त्यातून कधीतरी घोटभर प्यायला फारशी हरकत नाही. मात्र अशा सुरईत वाइन महिनोन्‌महिने ठेवू नये. आम्लात शिसं हळूहळू उतरतं.